खाकी उतरल्यावर दवाखान्याचे बिल

महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस. जुन्या पिढीतल्या कितीतरी मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहून टाकली, आणि सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे वयाची ५८ वर्षे पूर्ण केलेले हवालदार, सहायक फौजदार, फौजदार या एका दिवशी घोळक्याने घरी जातात. शाल-श्रीफळ होते, साहेब चार शब्द बोलतात, सगळ्यांबरोबर फोटो निघतो. दुसऱ्या दिवसापासून उपदान किती, रजेचे रोखीकरण किती, पेन्शन विकायची की नाही, याची चर्चा सुरू होते. गावाकडचे घर, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण यांचे हिशेब तर आधीच मांडून झालेले असतात. मांडायचा राहून जातो तो आजारपणाचा हिशेब. उद्या मध्यरात्री छातीत दुखू लागले तर कोणत्या दवाखान्यात जायचे आणि तिथले बिल कोणी भरायचे, हे बहुतेक घरांत कोणीच ठरवलेले नसते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. नोकरीत असेपर्यंत हा प्रश्न पडलेलाच नसतो. सेवेतल्या पोलिसासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे. यादीतल्या रुग्णालयात ओळखपत्र दाखवले, घटकाच्या कार्यालयातून पत्र आणले की ठरावीक आजारांवर पैसे न भरता उपचार होतात. त्याशिवाय १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांखाली खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. त्यातले २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजार कोणते, हे पोलीस लाइनीतल्या पुष्कळ बायकांना तोंडपाठ असते. बिल सिव्हिल सर्जनकडे जाते, तिथे तपासले जाते, काही रक्कम कापली जाते, महिनोन्‌महिने थांबावे लागते. पण पाठीशी कोणीतरी आहे, हा भरवसा असतो.

तो भरवसा निवृत्तीच्या संध्याकाळी संपतो. कुटुंब आरोग्य योजना मुळात सेवेतल्या माणसासाठी उभी राहिली आहे आणि निवृत्तांना तिच्यात घ्यावे, ही निवृत्त पोलिसांच्या संघटनांची जुनी मागणी आहे. ती मला पूर्णपणे रास्त वाटते. ती का रास्त आहे, हे समजण्यासाठी पोलिसाच्या नोकरीचा शरीरावर काय परिणाम होतो ते आधी पाहायला हवे.

केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्यूरोने २०१४ मध्ये पोलीस ठाण्यांतल्या कामाच्या तासांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. ठाण्यातले सुमारे ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करतात आणि जवळपास तीन चतुर्थांश जणांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुट्टी धड मिळत नाही, असे त्यात दिसले. पुढे २०१९ मध्ये कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांच्या अहवालाने कामाची सरासरी दिवसाला १४ तासांवर नेऊन ठेवली. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, त्याची बातमी झाली. आठ तासांची पाळी ही बातमी ठरावी, यातच या नोकरीचे स्वरूप कळते.

अशा नोकरीची तीस-पस्तीस वर्षे म्हणजे गणपती, मोहरम, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, प्रत्येक बंदोबस्तात तासन्‌तास उभे राहणे. पायांच्या शिरा फुगतात, गुडघे जातात. जेवणाची वेळ ठरलेली नसते, झोप तुटक होते, आणि पन्नाशीच्या आत-बाहेर मधुमेह व रक्तदाब घरात येतात. वाहतूक शाखेतल्या माणसाने चौकातला धूर आणि हॉर्न दोन्ही सोसलेले असतात. ज्याने शेकडो अपघाती प्रेतांचे पंचनामे केले, त्याला निवृत्तीनंतर रात्री झोप का लागत नाही, हे घरच्यांना सांगता येत नाही. हे सगळे नोकरीत असताना अंगावर काढले जाते. शरीर त्याचा हिशेब साठीच्या आसपास मागते, आणि नेमक्या त्याच वेळी सरकारी संरक्षण काढून घेतले जाते.

वयाचा हा धोका सरकारला ठाऊक नाही, असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनाने मुंबई पोलिसांतले पन्नाशी ओलांडलेले तीन जण दगावले, तेव्हा ५५ वर्षांवरच्या सगळ्यांना घरी थांबायला सांगण्यात आले. तो निर्णय योग्यच होता. पंचावन्नाव्या वर्षी ज्याचे शरीर जोखमीचे मानले, त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी मात्र आपले आपण पाहा म्हणून सांगायचे, हे कसे पटावे?

शेजारीशेजारी दोन माणसे ठेवून पाहू. गडचिरोलीच्या जंगलात राज्य पोलिसांचे सी-६० पथक आणि केंद्रीय राखीव पोलीस दल एकाच मोहिमेत असतात. भूसुरुंगाचा धोका दोघांना सारखाच, हिवताप करणारा डासही तोच. दोघेही हवालदार म्हणून निवृत्त झाले असे धरा. केंद्रीय दलातला जवान केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत, म्हणजे सीजीएचएसमध्ये, सामील होऊ शकतो. त्याच्या वेतनस्तराला महिन्याला २५० रुपये वर्गणी आहे, आणि दहा वर्षांची वर्गणी, म्हणजे ३०,००० रुपये, एकदम भरली की त्याचे आणि बायकोचे जन्मभराचे कार्ड तयार होते. त्यात रोजच्या गोळ्याही मिळतात, मोठ्या रुग्णालयातले उपचारही होतात. सीजीएचएसचा दवाखाना नसलेल्या भागात तो राहत असेल आणि त्याने बाह्यरुग्ण सेवा घेतली नाही, तर पेन्शनबरोबर महिन्याला १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो. सैन्यातून आलेल्या माणसाला २००३ पासून ईसीएचएस आहे. सी-६० मधल्या हवालदाराला मात्र यातले काहीच लागू नाही, कारण त्याची पेन्शन राज्याच्या कोषागारातून येते. आपल्या सातारा-सांगलीकडच्या एकाच घरातला एक भाऊ सीआरपीएफमध्ये आणि दुसरा जिल्हा पोलिसांत असतो. म्हातारपणी त्या दोघांच्या आजारपणाचे दोन वेगळे कायदे होतात.

मग राज्य पोलिसाच्या हातात काय उरते? काहीच नाही, असे मात्र नाही. तीन-चार दारे आहेत. कोणते कधी उघडते आणि कुठे अडते, एवढे माहीत हवे.

पहिले दार राज्य सरकारनेच उघडलेले आहे. निवृत्त होणाऱ्या शासकीय अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी वित्त विभागाने १ जुलै २०१४ पासून गट वैद्यकीय विमा योजना सुरू केली, ती न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या सरकारी कंपनीमार्फत. हप्ता निवृत्ताने स्वतः भरायचा असतो. गटविम्याचा मोठा फायदा असा की, ज्याला आधीच मधुमेह-रक्तदाब आहे त्याला दारातच अडवले जाण्याची भीती वैयक्तिक पॉलिसीपेक्षा खूप कमी असते. म्हणून निवृत्तीच्या कागदांवर सह्या करतानाच कार्यालयाच्या लेखा शाखेत या योजनेची चौकशी करावी आणि तीन गोष्टी लेखी मिळवाव्यात : या वर्षीचा हप्ता किती, नाव घालायची शेवटची तारीख कोणती, आणि एखादे वर्ष हप्ता चुकला तर परत प्रवेश मिळतो का. गटविमा दर वर्षी नव्याने ठरतो आणि त्याबरोबर हप्ताही बदलतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरे दार म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. पिवळे-केशरी शिधापत्रिका असलेल्यांसाठी ती होती. पोलिसाच्या घरी पांढरे रेशनकार्ड, त्यामुळे ही योजना आपल्यासाठी नाही हे पोलीस कुटुंबांच्या डोक्यात पक्के बसले आहे. ते आता काढून टाकायला हवे. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही. संरक्षण दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांवर गेले, उपचारांची संख्या ९९६ वरून १,३५६ झाली आणि २०२४ च्या जुलैपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. यादीतल्या रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतो. आधार आणि शिधापत्रिका किंवा अधिवासाचा पुरावा घेऊन आधी त्याच्याकडे जायचे, मंजुरी तो मागवतो. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. अँजिओप्लास्टी, बायपास, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस यांसाठी ही योजना खरोखर आधार देते. तिच्या मर्यादाही सरळ सांगायला हव्यात. महिन्याच्या गोळ्या, साधी तपासणी, दोन दिवसांचा ताप यांना ती उपयोगी नाही. खोली जनरल वॉर्डची मिळते. आणि गावाजवळचे रुग्णालय यादीत असले तरी ते नेमक्या आपल्या आजारासाठी यादीत आहे का, हे वेगळे विचारावे लागते. हृदयविकाराचा झटका आल्यावर नव्हे, आजच विचारून ठेवावे.

इथे पत्त्याचा मुद्दा येतो आणि तो पॉलिसीइतकाच महत्त्वाचा आहे. निवृत्तीबरोबर पोलीस लाइनीतले क्वार्टर सोडावे लागते. नोकरीभर वरळी-नायगावला राहिलेला माणूस माणगाव, खटाव किंवा पाटोद्याला परत जातो. मुंबईत नागपाड्याचे पोलीस रुग्णालय होते, केईएम-जेजे हाकेच्या अंतरावर होते. गावाहून हृदयरोगतज्ज्ञापर्यंत पोचायला दीड-दोन तास लागतात. म्हणून कोणतीही योजना निवडताना तिच्या यादीतली रुग्णालये आपल्या तालुक्यापासून किती लांब आहेत, ते आधी पाहावे. मुंबईतल्या भपकेबाज रुग्णालयांची लांबलचक यादी खटावच्या माणसाच्या काय कामाची!

तिसरे दार वयाचे आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर आणि त्यापुढच्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्याच्या कार्डाला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. घरात पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. सीजीएचएस किंवा ईसीएचएसवाल्यांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावे लागते. वय ठरते ते आधार कार्डावरून. सेवापुस्तकात १ जून आणि आधारावर १ जानेवारी, किंवा दोन्हींत एक-दोन वर्षांचाच फरक, असे पुष्कळांचे आहे. पेन्शन व्यवस्थित सुरू असते म्हणून तिकडे कोणी पाहत नाही, आणि कार्ड काढायच्या वेळी धावपळ होते. ही दुरुस्ती हातपाय चालतात तोवर करून घ्यावी.

अठ्ठावन्नला एक दार बंद होते आणि सत्तरला दुसरे उघडते. मधली बारा वर्षे हीच खरी अडचणीची. त्यात आणखी एक भर पडते. बहुतेक जण पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेतात आणि तो भाग १५ वर्षांनी, म्हणजे त्र्याहत्तराव्या वर्षी, परत मिळू लागतो. म्हणजे ज्या काळात दवाखान्याचा खर्च खिशातून होण्याची शक्यता सर्वात जास्त, त्याच काळात महिन्याची पेन्शनही कमी. पेन्शन विकू नये, असे मी म्हणणार नाही. प्रत्येक घराची गरज वेगळी असते. पण त्या एकरकमी पैशातला काही भाग फक्त आजारपणासाठी वेगळा ठेवावा आणि तो लग्न-घर यांत मिसळू देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

या बारा वर्षांसाठी वैयक्तिक विमा पॉलिसी हा चौथा मार्ग आहे आणि तिच्याबाबतीत सगळा खेळ वेळेचा आहे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये नियम बदलले. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. नवी पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची आडकाठी असायची, तीही गेली. आता साधी बेरीज करू. एखाद्या हवालदाराने पंचावन्नाव्या वर्षी, नोकरीत असताना, सरकारी योजना हाताशी असताना पॉलिसी घेतली, तर थांबण्याची तीन वर्षे नोकरीतच सरतात. निवृत्तीच्या दिवशी त्याचा मधुमेह, त्याचे गुडघे, त्याचा मोतीबिंदू सगळे पॉलिसीत आलेले असते. तीच पॉलिसी निवृत्तीनंतर, उपदान हातात आल्यावर घेतली, तर एकसष्टीपर्यंत तो उघड्यावर. नोकरीत असताना हप्ता वाया जातो असे वाटते, म्हणून लोक टाळतात. पण त्या तीन वर्षांच्या हप्त्यात आपण निवृत्तीनंतरची तीन वर्षे विकत घेत असतो.

पॉलिसीचा अर्ज भरताना रक्तदाबाची गोळी चालू आहे का, असा प्रश्न असतो. एजंट कधीकधी म्हणतो, "काका, ते लिहू नका, हप्ता वाढेल." त्याचे ऐकू नका. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की कंपनीला माहिती दडवल्याचे कारण सांगून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण पहिल्या पाच वर्षांत रुग्णालयाच्या केसपेपरवर "दहा वर्षांपासून रक्तदाब" अशी एक ओळ दिसली की दावा गेला. आणि ती ओळ डॉक्टर लिहितोच, कारण आपणच त्याला सांगतो. आजार लिहून जास्त हप्ता भरणे परवडते.

हप्त्याबद्दल दोन बऱ्या गोष्टी अलीकडे झाल्या. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता नियामकाच्या परवानगीवाचून वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकला गेला. हप्ता तरीही जड वाटत असेल तर पाच लाखांच्या पुढचा खर्च उचलणारी सुपर टॉप-अप पॉलिसी पाहावी. पहिले पाच लाख गटविम्यातून किंवा वेगळ्या ठेवलेल्या पैशातून, त्यापुढचे सुपर टॉप-अपमधून, अशी जोडणी साध्या पॉलिसीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

पॉलिसी वाचताना एकच कलम वाचायची ताकद उरली असेल तर खोलीभाड्याचे वाचा. लोकांचे सर्वात जास्त पैसे इथे जातात आणि का गेले हे कळतही नाही. समजा, ३ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. आप्पांना हृदयाचा त्रास झाला, मुलाने घाईत ६,००० रुपयांची खोली घेतली. पाच दिवसांचे भाडे ३०,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग यांचे १,२०,०००. औषधे, तपासण्या आणि स्टेंट यांचे ७०,०००. एकूण बिल २,२०,०००. मुलाला वाटते, फार तर खोलीचा फरक १५,००० भरावा लागेल. प्रत्यक्षात हक्काच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, म्हणून डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच मंजूर होतो. खोलीचे १५,०००, डॉक्टर-शस्त्रक्रियेचे ६०,००० आणि औषधे-तपासण्या-स्टेंटचे पूर्ण ७०,००० (यांच्यावर अशी कपात करता येत नाही) मिळून कंपनी १,४५,००० देते. खिशातून जातात ७५,०००. ३,००० रुपयांची खोली मागितली असती, तर हे पैसे वाचले असते. ज्येष्ठांच्या पुष्कळ पॉलिसींत प्रत्येक बिलाचा ठरावीक हिस्सा, बहुधा दहा-वीस टक्के, आपण भरायचा अशीही अट असते. ती पहिल्या पानावर नसते.

पोलिसाला एक गोष्ट इतरांपेक्षा चांगली येते, ती म्हणजे कागद जपणे. केस डायरी लिहितो तसे दवाखान्याचे कागद तारीखवार लावले, तर दावा सहसा अडत नाही. रुग्णालयात भरती करायचे आधीच ठरलेले असेल तर कंपनीला दोन दिवस आधी कळवावे. अचानक भरती झाल्यास चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा २०२४ चा नियम आहे. उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. काउंटरवर हा नियम शांतपणे सांगितला की कागद हलतात. दावा नाकारला, तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटले नाही तर विमा लोकपालाकडे जा. राज्यात त्याची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील नको, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. मुदत मात्र एका वर्षाची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी नोंदवून घेतलेल्या माणसाला स्वतःची तक्रार करायला संकोच वाटतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तो सोडायला हवा.

निवृत्तीनंतर पुष्कळ जण सिक्युरिटी एजन्सीत किंवा कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर म्हणून लागतात. तिथे पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापनेला कायदा लागू असेल, तर ईएसआयसी लागू होते. वयाची वरची मर्यादा नाही. पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि बायकोसकट उपचार मिळतात. पाच वर्षे विमाधारक राहून वयामुळे काम सोडले, तर त्यानंतर दोघांना वर्षाला फक्त १२० रुपयांत ही सेवा चालू ठेवता येते. एजन्सी ईएसआयसी टाळू पाहत असेल तर नोकरी स्वीकारतानाच विचारावे. दोन हजार रुपये जास्त पगारापेक्षा हे कार्ड मोलाचे आहे.

मनाच्या आजाराबद्दलही थोडे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांवर शरीराच्या आजारांच्या बरोबरीने मनाच्या आजारांनाही विमा देण्याचे बंधन घातले आहे. निवृत्तीनंतर गणवेश गेला, सलाम गेला, फोन वाजायचा थांबला, याने खचलेली माणसे या खात्यात खूप आहेत. दारूत बुडालेलीही आहेत. घरच्यांनी त्यांना डॉक्टरकडे न्यावे.

आणि शेवटी बायकोचा प्रश्न. पोलिसाची पत्नी बहुधा त्याच्यामागे काही वर्षे जगते. तिला कुटुंब निवृत्तीवेतन मिळते, पण पॉलिसीचे नूतनीकरण, कार्डाचा क्रमांक, हप्त्याची तारीख हे सगळे त्याच्या मोबाइलमध्ये असते. दहावा-तेराव्याच्या गडबडीत हप्त्याची तारीख निघून जाते आणि सवलतीचे ३० दिवसही संपतात. पंधरा वर्षे चालवलेली पॉलिसी बंद पडली की सत्तरीच्या विधवेला नवी घेताना पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षे मोजावी लागतात. म्हणून पॉलिसी घेतानाच आपल्या पश्चात पत्नीचे संरक्षण कसे चालू राहील, हे कंपनीला लेखी विचारून घ्यावे, गटविम्यात तर नक्कीच. कागदांची पिशवी कुठे आहे हे तिला आणि एका मुलाला माहीत असावे, आणि हप्ता तिचेही नाव असलेल्या खात्यातून जावा.

पोलीस खात्याकडे आणि सरकारकडे माझे मागणे फार मोठे नाही. सीजीएचएसच्या धर्तीवर निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी घेऊन पोलिसाला आणि त्याच्या पत्नीला कुटुंब आरोग्य योजनेत पुढेही ठेवावे. सेवेतल्या पोलिसांसाठी रुग्णालयांची यादी, दर, मंजुरीची पद्धत, सगळे तयार आहे. केंद्रीय दलाचा हवालदार ३०,००० रुपये देऊन जन्मभराची काळजी मिटवू शकतो, तर तेवढे पैसे उपदानातून वळते करून द्यायला राज्याचा हवालदारही आनंदाने तयार होईल. आणि हे होईपर्यंत निदान एवढे तरी प्रत्येक घटकाच्या कार्यालयाला आजही जमेल : निवृत्तीवेतनाच्या कागदांची तयारी जिथे सुरू होते त्या टेबलावर, पंचावन्न पूर्ण केलेल्या प्रत्येकाला बोलावून गटविम्याचा अर्ज, जन आरोग्य योजनेतली जिल्ह्यातली रुग्णालये आणि आधारावरची जन्मतारीख या तीन गोष्टी तपासून द्याव्यात. त्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. एक लिपिक, एक कपाट आणि महिन्यातली एक दुपार पुरते.